प्रतापसिंह हायस्कूल, सातारा : माजी विद्यार्थी नोंदसूची आणि भित्तिफलक – कामाच्या नोंदी

१५ जून २०२४

साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये शिकून गेलेल्यांची नोंदसूची तयार करणे आणि शाळेच्या इतिहासावर काही भित्तिफलक लिहिणे, हे काम आम्ही काही जणांनी आजपासून रीतसर हाती घेतले आहे. फलक ७ नोव्हेंबरपूर्वी तयार व्हायला हवेत. १९०० साली याच तारखेला भिवा रामजी आंबेडकर हे नाव शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकावर दाखल झाले, आणि २०१७ पासून महाराष्ट्र शासनाने हा दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळायला सुरुवात केली. नोंदसूचीला मात्र मुदत घातलेली नाही. पुढे कोणीही तिच्यात भर घालू शकेल, अशी तिची मांडणी ठेवायची आहे.

पहिल्या बैठकीतला बराच वेळ सूचीत कोणाची नावे घ्यायची या एकाच मुद्द्यावर गेला. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी करायची म्हटले की पहिल्यांदा मोठी नावे समोर येतात आणि बहुतेक ठिकाणी काम तिथेच थांबते. माझे म्हणणे असे होते की शाळेचे दाखल रजिस्टर कोणालाही एकापेक्षा जास्त ओळी देत नाही. पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झालेल्या मुलाला तिथे जेवढी जागा मिळाली, तेवढीच त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या क्रमांकावरच्या मुलांनाही मिळाली. आपली सूचीही तशीच असावी, हे अखेर सर्वांनी मान्य केले. नाव, शाळेतला काळ, शेवटची इयत्ता, पुढचा व्यवसाय आणि गाव, एवढेच रकाने प्रत्येकाला राहतील. प्रसिद्ध व्यक्तींविषयी जे सविस्तर सांगायचे आहे, ते फलकांवर येईल.

शाळेची मूळ रजिस्टरे हे शाळेचे आणि पर्यायाने जिल्हा परिषदेचे दप्तर आहे. त्यांना आम्ही हात लावणार नाही. माजी विद्यार्थ्यांच्या घरांतले दाखले, गुणपत्रके, वर्गाची छायाचित्रे आणि छापून प्रसिद्ध झालेली माहिती, एवढ्यावरच हे काम उभे राहील.

२२ जून २०२४

कागद कसे स्वीकारायचे याचे नियम ठरवले. मूळ कागद कोणाकडूनही ठेवून घ्यायचा नाही. ज्याच्या घरी कागद आहे त्याच्यासमोरच छायाचित्र काढून तो तिथल्या तिथे परत द्यायचा. घडी पडलेला कागद जोर लावून सपाट करायचा नाही आणि चिकटपट्टी लावलेली असेल तर ती ओढायची नाही. जुना दाखला लॅमिनेट करून देण्याची विनंती पुष्कळ जण करतात. ती नम्रपणे नाकारायची आहे, कारण प्लॅस्टिकमध्ये गरम दाबाने बंद केलेला जुना कागद पुन्हा मोकळा करता येत नाही आणि त्यावरची शाईही खराब होण्याची भीती असते. आम्लरहित कागदाचे पाकीट मिळाले तर उत्तम, नाहीतर स्वच्छ सुती कापडात गुंडाळून कोरड्या पेटीत ठेवायला सांगायचे. साताऱ्याच्या पावसाळ्यात हा सल्ला जूनमध्येच दिलेला बरा.

६ जुलै २०२४

इयत्तांच्या नावांचा प्रश्न आज मिटवावा लागला, कारण आलेल्या कागदांवर एकाच इयत्तेसाठी तीन-तीन नावे आहेत.

जुन्या मुंबई इलाख्यात प्राथमिक मराठी चौथीनंतर मुलगा ‘इंग्रजी पहिली’त जाई. आजच्या हिशेबाने ती पाचवी. तिथून इंग्रजी सातवीपर्यंत सात इयत्ता होत्या आणि शेवटी मॅट्रिक, म्हणजे नंतरच्या मोजणीत अकरावी. मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घेत असे. पहिली परीक्षा १८५९ साली झाली आणि महादेव गोविंद रानडे त्या पहिल्या तुकडीत होते. १९४९ पासून विद्यापीठाच्या मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतली. पुढे दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला, तेव्हा १९७५ मध्ये जुनी अकरावी आणि नवी दहावी अशा दोन्ही तुकड्या शालान्त परीक्षेला बसल्या. त्यामुळे त्या एका वर्षाच्या दाखल्यांवर ‘एस.एस.सी. उत्तीर्ण’ एवढाच शेरा असला, तर मुलगा किती वर्षे शाळेत होता याचा उलगडा होत नाही. मराठी सातवीअखेरच्या व्हर्नाक्युलर फायनलला बसलेल्यांची वाट याहून वेगळी होती. ती परीक्षा उत्तीर्ण झाली की शिक्षकाची किंवा तलाठ्याची नोकरी मिळू शके, म्हणून पुष्कळ घरांतली शिकण्याची धाव तिथपर्यंतच असे.

सूचीत दोन रकाने ठेवले. पहिल्यात दाखल्यावरचे नाव जसेच्या तसे राहील आणि दुसऱ्यात आजच्या हिशेबाची इयत्ता. मूळ शब्द पुसून आजचा शब्द घालण्याचा मोह टाळायचा आहे. ‘इंग्रजी तिसरी’ असे लिहिलेले वाचणाऱ्याला त्या काळची व्यवस्था जशी दिसते, तशी ‘सातवी’ या शब्दाने दिसत नाही.

२० जुलै २०२४

आज शुक्रवार पेठेतल्या एका वृद्ध गृहस्थांकडे गेलो. ते शाळेतून एस.एस.सी. झाले आणि नंतर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. त्यांनी लोखंडी पेटीतून वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला काढून दिला. वडीलही याच शाळेचे विद्यार्थी.

दाखल्याचा कागद आता चहाच्या रंगाचा झाला आहे आणि चार घड्यांच्या रेषांवर विरला आहे. छापील भाग इंग्रजीत असून भरलेला मजकूर निळसर-काळ्या शाईत, टाकाने लिहिलेला आहे. टाक बुडवून काढल्यावर पहिले अक्षर दाट उमटे आणि ओळ संपेपर्यंत शाई फिकी होत जाई. त्यामुळे लिहिणाऱ्या कारकुनाने टाक कुठे कुठे दौतीत बुडवला हे आजही ओळीगणिक दिसते. प्रगतीच्या रकान्यात ‘बरी’ असा एक शब्द आहे आणि वर्तणुकीच्या रकान्यात ‘चांगली’. शाळा सोडण्याचे कारण ‘घरची अडचण’ असे दिले आहे. खाली पालकाची सही मोडीत आहे. मोडी ओळखणारे आमच्यात एक सदस्य आहेत. त्यांनी ती सही वाचताच गृहस्थ म्हणाले, “आजोबांची सही आहे ती. आम्हा कुणालाच ती वाचता येत नव्हती, नुसतेच जपून ठेवले होते.”

मी त्यांना विचारले की ‘घरची अडचण’ म्हणजे नेमके काय झाले होते. त्यांनी सांगितले की आजोबांची जमीन गहाण पडली होती आणि थोरल्या मुलाला शेतावर ओढून घेण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. दाखल्यावरच्या दोन शब्दांमागे एवढी मोठी गोष्ट होती. सूचीत एक ऐच्छिक रकाना वाढवावा, असे मी आज सुचवणार आहे : शाळा का सोडली, कुटुंबाच्या सांगण्यानुसार. मॅट्रिकपर्यंत पोचलेल्यांपेक्षा मध्येच शाळा सोडावी लागलेले विद्यार्थी कोणत्याही जुन्या शाळेत अधिक असतात. त्यांची नोंद कोणी करत नाही, म्हणून शाळेचा इतिहास लिहिताना केवळ उत्तीर्णांचाच इतिहास लिहिला जातो.

जन्मतारखांविषयी एक निरीक्षण. आलेल्या दाखल्यांमध्ये १ जून ही जन्मतारीख पुन्हा पुन्हा आढळते. ज्या घरांत जन्माची नोंद नसे, त्यांच्या मुलांसाठी गुरुजी शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते हे धरून वय बसेल अशी तारीख घालत, हे ग्रामीण महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. पूर्ण जन्मतारीख सूचीत घ्यायची नाही, हे आम्ही खासगीपणाच्या कारणाने आधीच ठरवले होते. आता त्याला विश्वासार्हतेचे कारणही मिळाले.

३ ऑगस्ट २०२४

जातीच्या रकान्याविषयी लागोपाठ विचारणा होत आहे. गेल्या वर्षी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यापासून जुन्या शाळांची दाखल रजिस्टरे अचानक फार महत्त्वाची झाली आहेत, आणि आम्ही कागद गोळा करतो आहोत हे कळल्यावर लोकांचा असा समज होतो की नोंदी आमच्याकडेच आहेत. प्रत्येकाला सांगावे लागते की प्रमाणित उतारा फक्त शाळेकडूनच मिळतो, आमच्याकडच्या छायाचित्राला कायदेशीर किंमत नाही. सूचीत जातीचा रकाना राहणार नाही. ज्यांना उतारा हवा आहे, त्यांना अर्ज कसा करायचा ते सांगून मार्गी लावणे एवढे आम्ही अवश्य करू.

१७ ऑगस्ट २०२४

डॉ. आंबेडकरांच्या फलकाचा मजकूर आजपासून लिहायला घेतला. आधी निर्विवाद गोष्टी एकत्र केल्या.

सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब महूहून दापोलीला आणि तिथून साताऱ्याला आले. साताऱ्यातच १८९६ मध्ये भीमाबाईंचे निधन झाले आणि त्यांची समाधीही इथेच आहे. भिवाचे सुरुवातीचे साताऱ्यातील शिक्षण कॅम्पातल्या शाळेत झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्याचे नाव इंग्रजी पहिलीत घातले गेले, म्हणजे तेव्हाच्या गव्हर्नमेंट हायस्कूलमध्ये, जे आज प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखले जाते. १९०४ पर्यंत तो इथे शिकला. नंतर कुटुंब मुंबईला गेले आणि तिथल्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून तो १९०७ साली मॅट्रिक झाला. पुढे १९१२ मध्ये बी.ए. आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठ.

फलकाच्या मध्यभागी आईचे निधन यावे, असा माझा आग्रह आहे. पाच वर्षांचे पोर आई गेल्यावर आत्याच्या सांभाळाखाली राहते आणि चारच वर्षांनी इंग्रजी शाळेच्या पायऱ्या चढते, हा क्रम वाचणाऱ्या आजच्या मुलाच्या लक्षात आला पाहिजे. तारखा वेगवेगळ्या चौकटींत विखुरल्या, तर तो येणार नाही.

३१ ऑगस्ट २०२४

आजची बैठक लांबली आणि ती लांबायलाच हवी होती.

साताऱ्यातल्या आपल्या शालेय दिवसांविषयी डॉ. आंबेडकरांनी स्वतः पुढे आत्मपर लेखनात लिहून ठेवले आहे. वर्गात आपल्या क्रमांकानुसार इतर मुलांमध्ये त्यांना बसता येत नसे, कोपऱ्यात एकट्याने बसावे लागे. बसायला स्वतंत्र गोणपाट असे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे. तहान लागली तर इतर मुले गुरुजींना विचारून नळाशी जात, तोटी उघडत आणि पाणी पीत. त्यांना मात्र तोटीला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने ती उघडून दिली तरच पाणी मिळे, आणि शिपाई जागेवर नसला तर पाणी नाही. घरीही याचीच दुसरी बाजू होती. साताऱ्यात परीट होते आणि त्यांना मोल देण्याची या कुटुंबाची ऐपतही होती, पण कपडे बहिणींनाच धुवावे लागत. न्हावी असूनही मुलांचे केस थोरली बहीणच कापत असे.

हा मजकूर फलकावर घ्यायचा का, असा प्रश्न निघाला. आमच्यातल्या एका ज्येष्ठ शिक्षिकेचे म्हणणे होते की विद्यार्थी दिवस हा शाळाप्रवेशाचा उत्सव आहे, लहान मुले तो पाहायला येतील, त्यांच्यासमोर आधी अभिमानाची गोष्ट ठेवावी. त्यांच्या मनात लपवाछपवी नव्हती. मुलांची काळजी होती, म्हणून त्यांचे म्हणणे पूर्ण ऐकून घेणे आवश्यक होते. दुसऱ्या एका सदस्याचा आक्षेप अधिक बारीक होता. आंबेडकरांनी त्या मजकुरात शाळेचे नाव दिलेले नाही, नोव्हेंबर १९०० पूर्वी ते कॅम्पातल्या शाळेत होते, मग गोणपाटाची गोष्ट नेमकी आपल्याच शाळेवर कशी लिहायची?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर शब्दांच्या काटेकोर निवडीत आहे. त्या लेखनात ही हकिगत गोरेगावच्या प्रवासाच्या आधीची म्हणून येते. तो प्रवास १९०१ च्या उन्हाळ्यातला आहे. रामजी खटाव तालुक्यातल्या गोरेगाव येथे दुष्काळी कामावर खजिनदार होते, तिथे तलाव खोदण्याचे काम चालू होते, आणि मुले साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरून त्यांच्याकडे निघाली होती. स्टेशन मास्तरने जात विचारल्यावर काय झाले, दुप्पट भाडे देऊनही बैलगाडी स्वतःच कशी हाकावी लागली, जवळ जेवण असूनही पाण्यावाचून ते कसे खाता आले नाही, हे सर्व त्यांनी तपशिलाने सांगितले आहे. त्या वेळी हा मुलगा हायस्कूलचा विद्यार्थी होता. तेव्हा ‘साताऱ्यातील शालेय दिवसांत’ असे लिहिले तर ते पूर्णपणे खरे ठरते, आणि त्यात शाळेची सुटकाही होत नाही. शाळेवर नसता आरोपही येत नाही.

शिक्षिकाबाईंना मी एवढेच म्हटले, “बाई, प्रवेशाचा दिवस साजरा करायचा, तर मुलगा कुठल्या वर्गात आणि कशावर जाऊन बसला हे सांगितल्याशिवाय तो साजरा कसा करणार?” रजिस्टरातल्या ओळीने त्याला इतरांच्या बरोबरीने एक क्रमांक दिला. वर्गाने त्याला ती बरोबरी दिली नाही. या दोन्ही गोष्टी एकाच फलकावर आल्या नाहीत, तर या शाळेने आपल्या सर्वांत थोर विद्यार्थ्याविषयी अर्धेच सांगितले असे होईल, आणि उरलेला अर्धा भाग त्याने स्वतः लिहून ठेवला असल्यामुळे तो लपणारही नाही. सरकारी शाळेचे दार कायद्याने सर्वांना उघडे होते. त्या दारातून आत गेल्यावर काय होई, हे आजच्या विद्यार्थ्याला समजणे हाच मला या दिवसाचा खरा उपयोग वाटतो.

बाईंनी शेवटी एक सूचना केली आणि ती सर्वांनी तत्काळ मान्य केली. हा मजकूर मुलांना वाचता येईल अशा साध्या भाषेत आणि त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावायचा. लहान टाइपातल्या तळटिपेत तो ढकलायचा नाही. फलकावरचे वाक्य बाईंनीच लिहिले : “साताऱ्यातील शालेय दिवसांत भिवाला वर्गात इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे आणि शिपायाने तोटी उघडली नाही तर दिवसभर तहानलेले राहावे लागे, असे त्यांनी पुढे स्वतः लिहिले आहे.”

१४ सप्टेंबर २०२४

आडनावाचा प्रश्न. आंबडवेकर हे गावावरून आलेले आडनाव शाळेतल्या कृष्णाजी केशव आंबेडकर या ब्राह्मण शिक्षकांनी बदलून आपले आंबेडकर हे नाव या मुलाला दिले, असे परंपरेने सांगितले जाते. ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. पण प्रवेशाच्या नोंदीतच आंबेडकर असे असेल, तर हायस्कूलमध्ये आल्यानंतर शिक्षकांनी ते बदलले, हे सांगणे त्या तारखेशी सहज जुळत नाही. फलकावर रजिस्टरातली नोंद वस्तुस्थिती म्हणून येईल आणि शिक्षकांची गोष्ट ‘असे सांगितले जाते’ या शब्दांत स्वतंत्र ओळीत येईल. गोणपाट आणि शिक्षकाची माया शेजारी शेजारी आल्या तरी एकीने दुसरीचा भार हलका होतो असे वाचकाला वाटू नये, म्हणून त्या दोहोंमध्ये शब्दांनी कोणताही दुवा जोडलेला नाही.

२८ सप्टेंबर २०२४

न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांचा फलक पूर्ण झाला. या कामात मला सर्वांत अधिक शिकायला मिळाले ते इथे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांचा जन्म १६ मार्च १९०१ रोजी साताऱ्यात झाला, म्हणजे भिवाचे नाव हायस्कुलात दाखल झाल्यानंतर चार महिन्यांनी. कुटुंब मूळचे कर्नाटकातल्या गजेंद्रगडचे आणि वडील संस्कृतचे विद्वान. १९११ ते १९१८ ते सातारा हायस्कूलमध्ये होते. पुढे धारवाडचे कर्नाटक कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि लॉ कॉलेज, १९२६ पासून मुंबईत वकिली, १९४५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती, १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आणि १ फेब्रुवारी १९६४ ते १५ मार्च १९६६ भारताचे सरन्यायाधीश. नंतर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

एकाच शाळेच्या या दोन कायदेपंडितांमध्ये दहा वर्षांचे अंतर आहे. एकाच्या घरात संस्कृत पिढ्यानपिढ्या होते. दुसऱ्याला मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत घ्यायचे होते, तर ते नाकारले गेले आणि पर्शियन घ्यावे लागले. हे दोन तपशील एकमेकांसमोर ठेवले की शाळा एक असणे आणि शिक्षण एक असणे या वेगळ्या गोष्टी असल्याचे कळते.

गजेंद्रगडकरांचा कोणता निकाल फलकावर घ्यायचा यावर मतभेद झाला नाही. १४ जानेवारी १९६६ चा शास्त्री यज्ञपुरुषदासजी विरुद्ध मूलदास भूदरदास वैश्य हा निकाल घ्यायचा, असे सर्वांनुमते ठरले. स्वामीनारायण पंथाच्या सत्संगी अनुयायांनी १९४८ मध्ये अहमदाबादेत दावा लावला होता. आपला पंथ हिंदू धर्मापासून वेगळा आहे, म्हणून हरिजनांना मंदिरप्रवेशाचा हक्क देणारा मुंबईचा कायदा आपल्या मंदिरांना लागू होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दावा अठरा वर्षे न्यायालयांच्या पायऱ्या चढत सर्वोच्च न्यायालयात आला. पाच न्यायमूर्तींच्या पीठातर्फे सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी निकाल लिहिला. हा पंथ हिंदू धर्माचाच भाग असल्याचे सांगून त्यांनी मंदिरे सर्व हिंदूंना खुली ठेवली, आणि दाव्यामागची भीती अंधश्रद्धा व अज्ञान यांतून आलेली असल्याचे स्पष्ट शब्दांत लिहिले. निवृत्तीला तेव्हा दोन महिने राहिले होते.

त्याबरोबर १९६२ चा बालाजी विरुद्ध म्हैसूर राज्य हा निकालही फलकावर घ्यावा, असे मी सुचवले. तोही गजेंद्रगडकरांनीच लिहिला. म्हैसूर राज्याने वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत ठेवलेल्या ६८ टक्के राखीव जागा त्यात रद्द झाल्या. मागासलेपणाची कसोटी केवळ जात असू शकत नाही आणि राखीव जागा सर्वसाधारणपणे निम्म्याहून कमी असाव्यात, असे त्यात म्हटले. आरक्षणाच्या प्रत्येक वादात आजही या मर्यादेचा उल्लेख होतो. एका निकालावर टाळ्या वाजवायच्या आणि ज्यावर आजही तीव्र मतभेद आहेत तो गाळायचा, हे शाळेच्या इतिहासाला शोभणारे नाही. दोन्ही निकाल फलकावर येतील आणि दोन्हींचा सारांश प्रत्येकी तीन वाक्यांत येईल. अर्थ वाचणाऱ्याने लावावा.

१२ ऑक्टोबर २०२४

ज्यांचे नाव शाळेला आहे त्या प्रतापसिंह महाराजांचा फलक आटोपशीर ठेवला. १८०८ ते १८३९ साताऱ्याच्या गादीवर असलेल्या या छत्रपतींना शिक्षणाची आस्था होती आणि शहरात त्यांनी शाळा चालवल्या. १८३९ मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले, आणि त्यांचा पक्ष मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षे खटपट करत राहिले. महाराज १८४७ मध्ये काशीलाच वारले. पुढच्याच वर्षी डलहौसीने सातारा खालसा केले. आजचे हायस्कूल ज्या व्यवस्थेतून निघाले ती त्यानंतरची, इंग्रज अमदानीतली. म्हणून ‘संस्थापक’ हा शब्द फलकावर कुठेही नाही. शाळा राजवाड्याच्या परिसरात भरत आली आणि तिला महाराजांचे नाव मिळाले, एवढे सांगितले की पुरेसे आहे. ज्यांना गादीवरून उतरवले त्यांचे नाव त्यांना उतरवणाऱ्यांच्या काळात निघालेल्या शाळेला द्यावेसे सातारकरांना वाटले, यात त्या गावाच्या मनाची ओळख पटते.

२६ ऑक्टोबर २०२४

मुद्रिते तपासली. दिवाळी महिनाअखेरीस असल्याने छपाईवाल्यांनी आजच अंतिम मजकूर मागितला. ‘१९१४ क्रमांकावर’ हे शब्द वाचताना दोघा वाचकांनी १९१४ हे साल समजून घेतले, म्हणून सर्वत्र ‘रजिस्टर क्र. १९१४’ आणि त्याखाली वेगळ्या ओळीत ‘दाखल : ७ नोव्हेंबर १९००’ असे केले. टाइप मोठा घेतला. ज्या घरांतून छायाचित्रे आली, त्यांची लेखी संमती पुन्हा एकदा तपासली. एका वर्गाच्या छायाचित्रात मागच्या रांगेतली तीन नावे कोणालाच ठरवता आली नाहीत, तिथे अंदाजाने नाव न घालता जागा मोकळी सोडली.

७ नोव्हेंबर २०२४

शहरातल्या एका छोट्या सभागृहात फलक लावले. सकाळी वेगवेगळ्या शाळांतली मुले रांगेने आली. बाईंनी लिहिलेल्या वाक्यापाशी मुले थांबत होती. सहावी-सातवीतल्या एका मुलीने विचारले, “गोणपाट शाळेतच का नाही ठेवायचे? रोज घरी का न्यायचे?” तिच्याबरोबरच्या शिक्षकांनी तिला सांगितले की झाडणारा त्याला शिवणार नव्हता, म्हणून ते तिथे ठेवायला जागाच नव्हती. तिने पुन्हा विचारले, “मग सरांनी का नाही उचलून ठेवले?” हा प्रश्न आम्ही बैठकांत इतके तास बोलूनही कोणी विचारला नव्हता. शिक्षकांनी तो टाळला नाही. त्या वेळच्या बहुतेक मोठ्या माणसांना ते वावगे वाटत नव्हते आणि ज्यांना वाटत होते त्यांच्यातले थोडेच पुढे आले, असे त्यांनी तिला समजावले.

दुपारी ज्येष्ठ माजी विद्यार्थी आले. अनेकांनी सूचीत आपली ओळ शोधली आणि शेजारी आपल्या वर्गमित्राची नसेल तर ती तिथेच सांगून लिहवून घेतली. गजेंद्रगडकरांच्या फलकापाशी दोन वकिलांची बालाजी निकालावरून चांगलीच जुंपली. चर्चा तापली तरी सभ्य राहिली. फलक तिथे लावण्याचे सार्थक झाले, असे वाटले.

शाळा मध्येच सोडावी लागलेल्यांच्या रकान्यात आज सर्वांत अधिक भर पडली. ‘वडील वारले’, ‘गिरणीत लागलो, मुंबई’, ‘धाकट्या भावाची फी भरायची होती’, अशा नोंदी लोकांनी आपल्या हाताने लिहिल्या. काहींनी त्या आपल्या नसून आई-वडिलांच्या असल्याचे शेजारी लिहून ठेवले.

१६ नोव्हेंबर २०२४

पुढच्या टप्प्याचे काम वाटून घेतले. सभागृहात लिहून घेतलेल्या नव्या नोंदी संगणकावर चढवताना लिहिणाऱ्याचे शब्द बदलायचे नाहीत, शुद्धलेखनही दुरुस्त करायचे नाही. मोडी वाचणाऱ्या सदस्यांकडे आता इतक्या सह्या आल्या आहेत की त्यांनी दोन तरुणांना मोडी शिकवायला सुरुवात केली आहे. १९४९ पूर्वी मॅट्रिक झालेल्यांच्या कुटुंबांपर्यंत पोचणे सर्वांत तातडीचे आहे, कारण त्या पिढीची मुलेही आता वयोवृद्ध आहेत. कराड, कोरेगाव, वाई आणि फलटण या बाजूंना प्रत्येकी एक माणूस नेमला आहे. मुंबईत गिरणगावात गेलेल्या सातारकरांच्या घरांसाठी परळ-लालबागमधल्या ओळखीच्या एका काकांशी बोलणे झाले असून जानेवारीत त्यांच्याकडे पहिली बैठक होईल.

शिक्षिकाबाईंनी फलकांच्या मजकुराची एक हस्तपुस्तिका करायला घेतली आहे. त्या मुलीचा प्रश्न गोणपाटाच्या परिच्छेदाखाली जसाच्या तसा छापावा आणि त्याखाली उत्तर न देता अर्धे पान रिकामे सोडावे, म्हणजे वर्गात मुलांना तिथे लिहिता येईल, असे त्यांचे म्हणणे आहे. त्याला सर्वांची मंजुरी मिळाली. पुस्तिकेचा कच्चा मसुदा १५ डिसेंबरपर्यंत द्यायचा आहे.